ती आली की आम्ही उठायचो

ताई,
आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता 42 वर्षांच्या. वर्षातून एक ट्रेक चौघींनीच करायचा, हा आमचा नेम. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी राजगड ते तोरणा डोंगराच्या धारेवरून एका दिवसात करायचं ठरलं. बेत माझा होता. गाडी तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात लावली, जीपनं राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला गेलो आणि आठ वाजता चढायला लागलो. चौथी मैत्रीण, तिला 'स' म्हणते, पहिल्यापासून मागे पडत होती. आम्ही प्रत्येक ठिकाणी तिच्यासाठी थांबत होतो. राजगडाच्या अळू दरवाज्यातून उतरल्यावर तिच्या पोटरीत गोळे यायला लागले, म्हणून तिची सॅक मी घेतली. तीनला डांबरी रस्त्याच्या खिंडीत पोचलो. तिथून आम्ही तिघी झपाझप निघालो, कारण सूर्यास्त तोरण्याच्या बुधला माचीवरून बघायचा होता. सव्वापाचला माचीखाली आलो, तर मागे स नाही. अर्धा तास वाट पाहिली, हाका मारल्या, मग परत फिरलो. पावणेसातला ती सापडली. धार सोडून डावीकडे उतरणाऱ्या एका ढोरवाटेवर दगडावर बसून होती. कुठे लागलं नव्हतं. पण तिचं पाणी, टॉर्च, मोबाइल सगळं माझ्या पाठीवर. तोरणा राहिला, सूर्यास्तही हुकला. अंधारात रस्त्यापर्यंत उतरलो, घरी यायला बारा वाजले.
तेव्हापासून ती नीट बोलत नाही. मी दोनदा सॉरीचा मेसेज टाकला, तिचं उत्तर 'अगं ठीक आहे'. तिची सॅक अजून माझ्याकडेच आहे. आता जानेवारीत तीच धार पुन्हा करायचं चाललंय. स म्हणते, 'तुम्ही जा, माझ्यामुळे खोळंबा नको.' बाकीच्या दोघी म्हणतात, झेपत नव्हतं तर तिनं सांगायला हवं होतं, तिच्याबरोबर नंतर एखादा सोपा ट्रेक करू. मला दोन्हीकडचं पटतं. तिला आग्रह करू का?
— 'धारेवरची', पुणे

*

धारेवरचे,

तू मला ताई म्हटलंस, आणि मी तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे, म्हणून अगं-तुगंच करते. टोपणनाव छान घेतलंस. आता थोडा वेळ तुला खरोखरच धारेवर धरणार आहे, राग मानू नकोस. तू पत्र लिहिलंस याचा अर्थ आत काहीतरी टोचतंय. बाकीच्या दोघींना टोचत नाहीये, त्यांनी पत्र लिहिलेलं नाही.

आधी तुझं एक वाक्य. 'आम्ही प्रत्येक ठिकाणी तिच्यासाठी थांबत होतो.' खरंच थांबत होतात, यात मला शंका नाही. पण डोळ्यांसमोर आण. तुम्ही तिघी बुरुजाच्या सावलीत बसलात. पाणी झालं, चिक्की झाली, फोटो झाले, घाम वाळला. मग स वर आली, धापा टाकत. आणि तुमच्यातली कुणीतरी पँट झटकत उठली, 'चला, आली स, निघू या.' झालं होतं ना असं? मला पत्रात दिसलं नाही, पण चाळीस वर्षं डोंगरात काढल्यावर काही गोष्टी न सांगता कळतात. ज्यांना विश्रांतीची गरज कमी त्यांना प्रत्येक टप्प्यावर पंधरा मिनिटं मिळाली, आणि जिला खरी गरज होती तिला शून्य. तिनं दिवसभरात नीट पाणीसुद्धा प्यायलं नसणार. मागे राहिलेला माणूस सॅक उतरवून बाटली काढत नाही, त्यात आणखी दोन मिनिटं जातात ना! खाणंही तसंच राहतं. पोटरीत गोळे आले ते उगाच नाही. पाणी आणि मीठ अंगातून गेलेलं, पायाला उसंत नाही, आणि वर मनावर ओझं की सगळ्या माझ्यामुळे अडल्यात. असा माणूस दर तासाला आणखी हळू होत जातो. सकाळी ती तुमच्यापेक्षा पाच मिनिटं मागे असेल, दुपारी वीस मिनिटं मागे होती. मधली पंधरा मिनिटं तुमच्या थांबण्यानं वाढवली.

आता सॅकबद्दल. तुझ्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे, आणि तूही ती एकदम शेवटाकडे, 'सगळं माझ्या पाठीवर' अशी लिहून पुढे गेलीस. सॅक घेतलीस ती मायेनंच. पण ज्याचं ओझं आपण घेतो त्याच्या पुढे निघून जायचं नसतं, हे कुणी आपल्याला शिकवत नाही. ओझं घेतलं की त्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहायचं. नसेल जमणार तर आतलं जड सामान तेवढं काढून घ्यायचं. पाणी, टॉर्च, फोन, शिट्टी आणि खाऊची पुडी त्याच्या अंगावरच राहिली पाहिजे. कमरेच्या पाऊचमध्ये मावतं एवढं. तू तिला हलकं करायला गेलीस आणि रिकाम्या हातानं डोंगरात सोडून आलीस. पावणेसात म्हणजे डिसेंबरात काळोख. सूर्य सहाच्या आसपासच बुडतो आपल्याकडे. त्या दगडावर ती किती वेळ बसली असेल, काय काय तिच्या मनात आलं असेल, हे तू तिला अजून विचारलेलं नाहीस. विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं.

वाट कशी चुकली, हेही समजून घे, म्हणजे 'बावळट कुठली' असा विचार कुणाच्या मनात असेल तर निघून जाईल. राजगडाहून तोरण्याकडे जाताना तुमचं तोंड पश्चिमेला असतं. दुपारी तीननंतर हिवाळ्यातला कलता सूर्य थेट डोळ्यांत येतो. समोरची कारवीची झुडपं नुसती काळी दिसतात, पायाखालचं पिवळं गवत चमकतं. धार रुंद होते तिथे गुरांच्या वाटा फुटतात, आणि त्या माणसांच्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात, कधीकधी जास्तच. ढोरवाट चढाला कंटाळते, ती अलगद उताराकडे, पाण्याच्या दिशेला जाते. थकलेल्या पायाला ती हवीहवीशी वाटते. तू आणि मी ताज्या असतो तर दहा पावलांवर लक्षात आलं असतं की आपण धार सोडतोय. पाण्यावाचून, एकटीनं, गोळे आलेल्या पायांनी चालणारीला ते कळायला अर्धा तास लागतो. त्यात एक गोष्ट तिनं अगदी बरोबर केली. चुकलोय असं समजल्यावर ती बसून राहिली. भूतोंडे गावाच्या बाजूला खाली धावत सुटली असती तर तुम्हाला ती पावणेसातला सापडली नसती. हे तिला कुणी सांगितलंय का?

आता बाकीच्या दोघींचं. 'झेपत नव्हतं तर तिनं सांगायला हवं होतं.' कुणाला सांगायचं होतं? तुम्ही दोनशे मीटर पुढे होतात. आणि सांगायचं तरी कसं? वीस वर्षांची मैत्री, वर्षातला एकच दिवस, आणि त्या दिवशी आपण 'बायांनो, मला जमत नाहीये' म्हणायचं? तिला दम लागलेला असतो, बोलायलाही श्वास लागतो. वर लाज. म्हणून मागचा माणूस 'हो हो, ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे' असंच म्हणतो. डोंगरात हे वाक्य ऐकलं की थांबायचं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि आत्ताही ती तेच म्हणते आहे, बघ. 'तुम्ही जा, माझ्यामुळे खोळंबा नको.' तेव्हा खिंडीत म्हणाली असेल, आता फोनवर म्हणते.

आणि मला सांग, खरंच तिला झेपत नव्हतं का? मी तुमचं वेळापत्रक कागदावर मांडलं. स नसती असं धरूनसुद्धा. आठला गुंजवणे सोडलं, म्हणजे उन्हातच चढायला लागलात. तीनला खिंडीत. तिथून तिघी तुमच्या भाषेत झपाझप चाललात तरी सव्वापाचला माचीच्या खालीच. पुढे बुधला माचीचा खडा चढ, मग माची, मग गडावरच्या मेंगाईच्या देवळापर्यंतची चाल, आणि मग वेल्ह्याची उतरण. सूर्यास्त माचीवर बघायचा म्हणजे त्यानंतरचं सगळं अंधारात. वेल्ह्याच्या वाटेवर रेलिंग आहेत, पण अंधारात, थकलेल्या गुडघ्यांनी, घसाऱ्यावर उतरणं ही गंमत नाही. नऊशिवाय तुम्ही खाली आला नसता, आणि एखादीचा पाय मुरगळला असता तर ती वेगळीच रात्र. बाई गं, तुमचा दिवस सकाळी आठलाच चुकला होता. स फक्त पहिली दमली. बेत तुझा होता असं तूच लिहिलंयस म्हणून तुला सांगते. तुमच्या ग्रुपमध्ये हे खापर महिनाभर तिच्या डोक्यावर आहे.

डोंगराच्या वेळेचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या धारेला लावून बघितला. 15 किलोमीटर धरले, एकूण चढ 1200 मीटर धरला, तर तीन अधिक दोन, पाच तास! त्या बिचाऱ्यानं स्कॉटलंडच्या थंड हवेत, धडधाकट माणसाला धरून हिशेब केला होता. त्यात बालेकिल्ल्यावरचे सेल्फी नाहीत, पिठलं-भाकरी नाही, दुपारचं ऊन नाही. आपल्याकडे त्याला सरळ दोननं गुणावं आणि वर एक तास ठेवावा. म्हणजे अकरा. डिसेंबरातला आपला दिवसच साधारण अकरा तासांचा. याचा अर्थ तोंड दिसायच्या आधी, टॉर्च लावून पहिला चढ सुरू करायला हवा होता.

मीही एकदा स-च्या जागी होते, म्हणून इतकं बोलतेय. पंचविशीत रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला निघालो होतो. कात्राबाईच्या खिंडीनंतर माझा गुडघा बोलायला लागला. पुढची मंडळी कारवीत दिसेनाशी झाली. आमच्यातला एक मुलगा माझ्या मागे चालत होता. मी म्हटलं, तू हो पुढे. म्हणाला, 'नाही गं, बूट चावतोय, मलाच घाई नको.' दिवसभर तो माझ्या मागे भसाड्या आवाजात गात होता, आणि दर थोड्या वेळानं 'जरा बसतो, बूट' म्हणून स्वतःच बसत होता. मला वाटायचं, बरं झालं, माझ्याइतकाच हळू कुणीतरी आहे. दहाएक वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात कळलं की त्याचा बूट अजिबात चावत नव्हता. (त्याच्याशी मी लग्न केलं का, असं विचारणारी पत्रं येतील, म्हणून आत्ताच सांगते, नाही. तो अजून तसाच बेसूर गातो.)

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आग्रह करू का? आत्ता नको. आत्ता आग्रह केलास तर तिला तो दयेसारखा लागेल, आणि 'सोपा ट्रेक' तर त्याहून वाईट. लहान मुलाला कच्चं लिंबू म्हणून खेळायला घेतात ना, तसं वाटेल तिला. तो विषय तिच्यासमोर काढूच नका.

आधी माफी. मेसेजवर सॉरी टाकलंस त्याला ती 'ठीक आहे' म्हणाली, त्यापलीकडे ती काय म्हणणार होती? कशाबद्दल सॉरी ते तू लिहिलं नसशील. तिच्यासमोर बस आणि गोष्टी नावानं सांग. 'तुझी सॅक घेऊन मी पुढे निघून गेले. तुझ्याकडे पाणी नव्हतं, हे मला तासभर सुचलंसुद्धा नाही. तू यायचीस आणि आम्ही उठायचो. निघायची वेळ मी चुकीची ठरवली आणि सूर्यास्ताच्या नादात तुला विसरले.' एवढंच. यात 'पण' यायला नको. 'पण तू सांगितलं असतंस तर' नको, 'आम्हालाही किती टेन्शन आलं' तर नकोच नको. तुम्हाला टेन्शन आलं हे खरं आहे, पण ते तिघींना मिळून आलं. तिला एकटीला आलं. मग तिला त्या दीडेक तासाबद्दल विचार आणि गप्प बसून ऐक. ती चिडली तर चिडू दे. महिनाभराचं 'ठीक आहे' एकदा फुटलं तर बरंच होईल.

सूर्यास्त हुकल्याचं वाक्य मात्र तिच्यासमोर चुकूनही काढू नकोस. पत्रात तू ते तोरण्याच्या शेजारी लिहिलंस, ती सापडली त्याच्या लगेच पुढे. मला वाचताना खटकलं. तिच्या कानावर आधीच कुणीतरी घातलं असेल अशी मला भीती आहे.

बाकीच्या दोघींना वेगळं भेट. त्यांना माझं हे उत्तर वाचायला दिलंस तरी चालेल, दोन दिवस त्या माझ्यावर चिडतील आणि तू सुटशील. पण जानेवारीचा बेत तिच्याशिवाय करू नका. एकदा तिघींनी ती धार केली की चौघींचा ग्रुप संपला असं समज. कुणी तसं म्हणणार नाही, फक्त पुढच्या वर्षी बेत ठरताना तिला विचारायचं राहून जाईल.

समजा ती तयार झाली. महिन्यात होईल, सहा महिन्यांत होईल, तुझ्या हातात नाही ते. तेव्हा कुठे जायचं हे तिला ठरवू दे, आणि ती 'तीच धार' म्हणाली तर दचकू नकोस. मी तिच्या जागी असते तर तीच म्हटली असती. राजगड-तोरणा धारेचा एक मोठा गुण लोक विसरतात. ती मधोमध तुटते. वेल्ह्याकडून भूतोंड्याला जाणारा डांबरी रस्ता धार ओलांडतो ना, तीच तुमची खिंड. तिथे जीप उभी ठेवायची, आधी ठरवून, पैसे देऊन. आणि निघतानाच चौघींनी कबूल करायचं, एक वाजेपर्यंत खिंडीत नसलो तर चौघी जीपमध्ये. दमलेली एकटीच नव्हे, चौघी. घड्याळ ठरवतंय म्हटल्यावर कुणाच्या पायांना दोष द्यायला जागा उरत नाही. नुसता राजगड केलात तरी काय बिघडलं? संजीवनी माचीच अडीच किलोमीटर लांब आहे. तिची दुहेरी तटबंदी नीट बघत, सोंडेच्या टोकाच्या बुरुजापर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर दिवस पुरत नाही. युनेस्कोनं 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात राजगड आहे, आणि आपली मंडळी तो तोरण्याला जायचा जिना असल्यासारखी पळत ओलांडतात. हे जरा विषयांतर झालं, पण फार दिवस म्हणायचं होतं.

चालताना स पुढे, किंवा पुढून दुसरी. तिचा वेग तो सगळ्यांचा वेग. तू सगळ्यात शेवटी. बेत करणारीची जागा तीच, म्हणजे मागे कुणी राहूच शकत नाही. विश्रांतीचं घड्याळ शेवटची बसली की सुरू, आणि सगळ्यात आधी पाणी तिला. प्रत्येकीकडे आपलं तीन-साडेतीन लिटर पाणी. मधल्या धारेवर भरवशाचं पाणी नाही आणि ताक विकणारी मावशी आज भेटली तर उद्या भेटेलच असं नाही. मीठ-साखर-लिंबू, गूळ-शेंगदाणे. शिट्टी गळ्यात. वाट फुटते तिथे मागची दिसेपर्यंत पुढचीनं हलायचं नाही, हा एक नियम पाळलात तरी पुढचे सहा डिसेंबर निभतील. मोबाइलची रेंज धारेवर येते-जाते, तिच्यावर बेत आखायचा नाही. तरी 112 आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक चौघींच्या फोनमध्ये असू दे. तुम्ही पुढच्या वेळी अर्धा तास हाका मारत बसू नका. पहिल्या दहा मिनिटांत मागे फिरायचं.

एक नाजूक गोष्ट. 42 हे वय बाईच्या अंगात बरंच काही हलवणारं असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी. दोन वर्षांपूर्वी पळणारी मैत्रीण अचानक दमते, तेव्हा कारण आळस नसतंही. पण 'तू जरा तपासून घे' असं तिला एकटीला म्हणशील तर मार खाशील. चौघी मिळून तपासण्या करून घ्या, वर्षातून एकदा, ट्रेकच्या आधी. कुणास ठाऊक, तुझाच रिपोर्ट वाईट यायचा.

या रविवारी सकाळी जा तिच्याकडे. 'कधी येऊ' असा मेसेज टाकू नकोस, ती 'बघू गं' म्हणेल. खाली उभी राहून फोन कर. सॅक बरोबर ने. महिनाभर तुझ्या घरी पडलीये ती, म्हणजे त्यात उरलेला खाऊ असेल, बाटलीतलं पाणी तसंच असेल, ते आधी काढ. आणि टॉर्च उघडून बघ. सेल आत राहिले असतील तर पाझरले असतील. नवे घालून, पेटतोय का बघून, मगच तिच्या हातात दे.

— ताई